माहितीचें कुलशील

हल्लीं बहुतेक सुशिक्षित घरांतून पीएच. डी. करणारें एक तरी माणूस असतें. तें विज्ञानाचें असेल तर घरच्यांस फारसा प्रश्न पडत नाहीं. प्रयोगशाळा, नळ्या, भिंगें, यंत्रें असा कांहीं तरी पसारा डोळ्यांपुढें येतो आणि तेवढ्यानें मंडळींचें समाधान होतें. परंतु इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान, संस्कृत असल्या विषयाचा विद्यार्थी घरीं असला म्हणजे त्याचा उद्योग नेमका काय, हें कोणासच उमगत नाहीं. तो वाचीत बसलेला दिसतो. आणि वाचीत बसलेलें माणूस आपल्याकडे रिकामें समजण्याची चाल आहे. त्यांतून तें माणूस सून असेल तर बोलावयासच नको. दुधावर लक्ष ठेवावयास, दाराची कडी काढावयास, गॅसवाला आल्यास त्याला पैसे द्यावयास प्रथम हांक तिलाच जाते. कारण काय, तर ती 'नुसती वाचतेच आहे'.

हा लेख आम्ही मुख्यतः अशा घरांतील वडील मंडळींसाठीं लिहीत आहों. विद्यार्थ्यांनीं वाचल्यास आमची हरकत नाहीं.

आमच्या एकत्र कुटुंबांत पुतण्याची पत्नी गेलीं चार वर्षें पेशवाईच्या उत्तरार्धांतील स्त्रियांच्या नांवें असलेल्या इनामांवर प्रबंध लिहीत आहे. आम्ही स्वतः तीस वर्षें महाविद्यालयांत इतिहास शिकविला, त्यामुळें तिच्या अडचणी आमच्या कानीं इतरांच्या आधीं येतात. तिच्या सासूबाई, म्हणजे आमच्या वहिनी, चांगल्या शिकलेल्या आहेत. त्यांनीं एके दिवशीं विचारलें, "पुस्तकें वाचून पुस्तकच लिहायचें ना? मग इतकीं वर्षें कशाला?" प्रश्नांत टोमणा नव्हता, त्यांना खरोखरीच कळत नव्हतें. सून म्हणाली, "आई, स्थळ आलें म्हणजे आपण मुलाची चौकशी करतों. त्याचे काका म्हणाले मुलगा चांगला, मावशी म्हणाली चांगला, शेजारी म्हणाले चांगला. पण तिघांनाही तें मुलाच्या आईनेंच सांगितलेलें असेल, तर आपल्याला साक्षी किती मिळाले?" वहिनी म्हणाल्या, "एकच. आणि तोही आईच." "माझीं तीन वर्षें," सून म्हणाली, "हीच चौकशी करण्यांत गेलीं."

संशोधनाची खरी विद्या ह्या उत्तरांत आली आहे असें आम्हांस वाटतें. माहिती मिळविणें हें आज मुळींच अवघड राहिलेलें नाहीं. मिळालेली माहिती कोणाची, कोणाकडून आली, मधल्या कोणीं तिला काय चिकटविलें किंवा तिच्यांतून काय गाळलें, थोडक्यांत तिचें कुलशील काय, हें विचारण्याची संवय हीच कष्टानें लावून घ्यावी लागते.

आमच्या इतिहासांत ह्याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखांत झाला असें बखरींच्या आधारानें दीर्घकाळ मानलें जात होतें. पुढें लोकमान्य टिळकांच्या हातीं जेधे देशमुखांच्या घरांतील एक शकावली आली व १९१६ सालीं ती प्रसिद्ध झाली. तींत ही तिथि फाल्गुन वद्य ३, शके १५५१ अशी आहे. आतां, वैशाखाची तिथि देणारीं पुस्तकें मोजावयाचीं म्हटलीं तर तीं पुष्कळच भरतील. पण तीं सारीं एकमेकांवरून उतरलेलीं असतील तर त्यांची संख्या कितीही असो, साक्षी मोजकेच. उलट, शकावलींतील तिथि महाराजांच्या आश्रयास असलेल्या परमानंद कवीच्या शिवभारतांत येते आणि दूर राजस्थानांत सांपडलेल्या कुंडलीशींही तिचा मेळ बसतो. हे तिघे एकमेकांचें ऐकून बोलणारे नव्हत. म्हणून इतिहासकारांचें मत हळूहळू तिकडे वळलें. डोकीं मोजून इतिहासांत निर्णय होत नाहीं.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ सालीं आरंभिली व १९६६ सालीं पुरी केली. त्यासाठीं १२५९ हस्तलिखितें जमविलीं अथवा तपासलीं गेलीं. डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर ह्यांनीं केलें तें हेंच, पण प्रचंड प्रमाणावर: पोथ्यांचीं घराणीं लावलीं, कोणती पोथी कोणत्या शाखेची हें ठरविलें, आणि एखादा श्लोक शंभर पोथ्यांत असला तरी त्या साऱ्या एकाच शाखेच्या असतील तर त्याला शंभरांचें वजन दिलें नाहीं. पीएच. डी. चा विद्यार्थी आपल्या लहानशा विषयांत हेंच करीत असतो. त्याला सत्तेचाळीस वर्षें मिळत नाहींत, इतकाच फरक.

कुलशील विचारावयाचें तर आधीं माणूस भेटलें पाहिजे. आणि येथें सूची वाचण्याची विद्या लागते. शंकर गणेश दाते ह्यांनीं १८०० पासून १९३७ पर्यंतच्या छापील मराठी ग्रंथांची सूची केली आणि मागाहून १९५० पर्यंतचा दुसरा भाग सिद्ध केला. एका माणसानें गांवोगांवच्या ग्रंथालयांतील कपाटें धुंडाळून हें काम उभें केलें. मराठींतील कोणत्याही जुन्या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्यानें पहिला महिना ह्या सूचींत काढावा असें आमचें मत आहे. जुन्या नियतकालिकांचीही अशीच सूची झालेली आहे. त्यापुढचें पाऊल म्हणजे 'शोधगंगा'. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट ह्या संस्थेच्या ह्या भांडारांत भारतांतील विद्यापीठांचे लाखों प्रबंध घरबसल्या पाहतां येतात. आपला विषय पूर्वीं कोणीं केला आहे काय, केला असल्यास कोठपर्यंत आणला, हें न पाहतां नांव नोंदविणें म्हणजे दुसऱ्याच्या शेतांत नांगर घालणें होय.

आतां एक बारीकशी पण फार उपयोगाची गोष्ट. शोधयंत्रास जो शब्द द्यावा तोच तें शोधतें. १९६२ सालीं शासनानें मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं उच्चारांत नसलेले अनुस्वार गेले. त्यापूर्वींचीं पुस्तकें 'कांहीं', 'नाहीं', 'पुणें' अशींच छापलेलीं आहेत. आजच्या वळणानें शब्द लिहून शोध घेतला तर हें सारें जुनें वाङ्मय जाळ्याखालून निसटून जातें. आम्ही स्वतः अजून जुन्याच वळणानें लिहितों, त्यामुळें घरांत आमची थट्टा होते. ह्या कामीं मात्र आमची योग्यता एकाएकीं वाढली. शिवाय जुन्या पुस्तकांच्या छायाप्रतींवरून यंत्र जेव्हां अक्षरें ओळखतें तेव्हां 'घ' चा 'ध' आणि 'भ' चा 'म' करून ठेवतें. परदेशांतील ग्रंथालयांच्या याद्या रोमन लिपींत असतात. तेथें 'राजवाडे' हें एकच नांव तीन प्रकारांनीं लिहिलेलें आढळावयाचें. मधला अकार कोणी लिहितो, कोणी गाळतो. म्हणून सुनेनें एक वही केली आहे. प्रत्येक महत्त्वाचा शब्द तींत पांचसहा रूपांनीं लिहिलेला आहे, आणि प्रत्येक ठिकाणीं तीं सारीं रूपें घालून पाहिल्यावांचून 'सांपडलें नाहीं' असें ती म्हणत नाहीं.

पण शब्दांचीं रूपें जमवूनही भागत नाहीं. शब्दच बदललेला असतो. जुन्या कागदांत 'स्त्री' किंवा 'पत्नी' शोधून काय मिळणार? तेथें बाई येते ती 'अमकी कोम तमका' अशी. कोम म्हणजे बायको, जसें 'बिन' म्हणजे मुलगा. कोणत्या काळीं कोणत्या वस्तूस काय म्हणत, हें ठाऊक असल्यावांचून तिच्याविषयींचा कागद समोर असूनही दिसत नाहीं. मोल्सवर्थचा कोश (त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ति) ह्यासाठींच उशाशीं घेऊन निजावें.

ह्यापुढें दफ्तरखाना. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत कागदांचे हजारों रुमाल आहेत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनीं त्यांतून निवडून १९३० नंतरच्या चारपांच वर्षांत पंचेचाळीस भाग छापले आणि अभ्यासकांवर कायमचे उपकार केले. पण त्या उपकारांतच एक सापळा आहे. निवड म्हटली कीं निवडणाऱ्याची दृष्टि आली. त्यांतील बहुतेक भाग राजकारणाचे आणि मोहिमांचे. बायकांच्या इनामाचा कागद त्यांत अपवादानेंच यावयाचा. छापील भागांत नाहीं म्हणून तो कागदच नाहीं असें अनुमान जो करील, त्यानें सरदेसायांच्या आवडीनिवडीचा अभ्यास केला, पेशवाईचा नव्हे. तेव्हां रुमाल सोडणें आलें, मोडी वाचणें आलें, धूळ आणि शिंका ह्याही आल्या. आमच्या सुनेचें मोडीचें शिक्षण आठ महिने चाललें होतें. तंजावरच्या सरस्वती महालांतही मराठी राजांच्या कारभाराचे मोडी कागद आहेत, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

कागद वाचतां आला तरी त्याची तारीख लावणें हें निराळेंच प्रकरण आहे. पेशवाईंतील पत्रांवर बहुधा शुहूर सन असतो, तोही आंकड्यांत नव्हे, अरबी शब्दांत, आणि एकं आधीं, सहस्र शेवटीं. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१. त्यांत ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. कोणता आंकडा मिळवावयाचा तें महिन्यावर ठरतें, कारण हा सन मृगापासून सुरू होतो. पानिपतचा संग्राम १७६१ च्या जानेवारींत झाला, तो ह्याच ११६१ सनांत. त्याच सनांतील आदल्या भाद्रपदांतलें पत्र मात्र १७६० चें. इंग्रजांचे कागद घेतले म्हणून सुटका होते असेंही नाहीं. १७५२ पर्यंत त्यांचें पंचांग मागें होतें. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ रोजीं झाला. त्या वेळच्या इंग्रजी गणनेनें ती ६ जून १६७४, तर आजच्या गणनेनें १६ जून. दहा दिवसांचें हें अंतर लक्षांत न घेतल्यामुळें एकाच घटनेच्या दोन घटना झालेल्या आम्हीं छापील प्रबंधांत पाहिल्या आहेत.

टांचणांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण पुष्कळ प्रबंध तेथेंच बुडतात. टांचण करतांना ग्रंथकाराचे मूळ शब्द, त्याचा आपण केलेला सारांश आणि आपल्या मनांत आलेला विचार हीं तीन निरनिराळ्या शाईंनीं लिहावीं. नाहीं तर दोन वर्षांनीं वही उघडल्यावर त्यांतील वाक्य कोणाचें हें लिहिणाऱ्यासही सांगतां येत नाहीं. आणि वाङ्मयचौर्य म्हणतात तें बहुधा असें न कळतच घडतें. दफ्तरांत छायाचित्र घेण्याची परवानगी मिळाली तर कागदाशेजारीं रुमालाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवूनच तें घ्यावें. क्रमांकावांचूनचा कागद हा नांवगांव नसलेल्या पाहुण्यासारखा होय. संदर्भ सांठविण्यास 'झोटेरो' नांवाचें एक साधन आहे. अमेरिकेंतील जॉर्ज मेसन विद्यापीठांत तें २००६ सालीं निघालें व फुकट मिळतें. तें चांगलें आहे. पण तुम्हीं आडनांवाच्या जागीं नांव घातलें तर तें निमूटपणें तसेंच छापील. आणि सर्व लिखाणाच्या तीन प्रती, त्यांपैकीं एक घराबाहेर, असाव्यात, हें वेगळें सांगावयास नको. पण सांगावें लागतें.

विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं ह्या चौर्याविषयीं नियम केले. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास शिक्षा नाहीं. त्यापुढें चढत्या पायऱ्या आहेत, आणि साम्य साठ टक्क्यांवर गेलें तर नोंदणीच रद्द होते. ह्याचा परिणाम असा झाला आहे कीं विद्यार्थी टक्के सांभाळतात. शब्द फिरविले, दुसऱ्या भाषेंतून परिच्छेद उतरविला, कीं यंत्रास तो सहसा सांपडत नाहीं. पण चोरलेला दागिना वितळवून घडविला म्हणजे आपला होतो काय?

यंत्राचा विषय निघालाच आहे तर चॅटजीपीटीसारख्या बोलक्या यंत्रांविषयींही बोलूं. २०२२ च्या अखेरीस तीं सर्वांच्या हातीं आलीं. कठीण परिच्छेदाचा स्थूल अर्थ सांगणें, एका शब्दाचे पर्याय सुचविणें, इतपत कामास तीं बरीं. परंतु त्यांस संदर्भ विचारला असतां खरा नसेल तर तीं तो रचून देतात, आणि तोही अशा डौलानें कीं ग्रंथकार, प्रकाशक, सन, पृष्ठ सारें जागच्या जागीं! मागल्या वर्षीं एक तरुण आमच्याकडे बारा ग्रंथांची यादी घेऊन आला. आम्हीं दोघांनीं बसून ती दात्यांच्या सूचींत व दोन ग्रंथालयांच्या याद्यांत ताडून पाहिली. पांच ग्रंथ कधीं जन्मासच आले नव्हते. त्यांपैकीं एकाचें नांव इतकें सुंदर होतें कीं तो कोणीं तरी लिहावा असें आम्हांस वाटून गेलें. जें यंत्र कुलशील विचारलें कीं खोटी वंशावळ पुढें करतें, त्याच्या भरंवशावर पदवी मिळविणें शक्य असेलही. पण परीक्षकानें एक पुस्तक प्रत्यक्ष मागितलें तर काय करणार?

आमच्या सुनेचा तिसरा अध्याय इनामांच्या एका रिवाजाविषयींच्या विधानावर उभा होता. तें विधान चार मान्यवर पुस्तकांत आहे. चौथें तिसऱ्याचा आधार देतें, तिसरें दुसऱ्याचा, दुसरें पहिल्याचा. आणि पहिल्यांत आधार म्हणून कांहींच नाहीं, केवळ 'असा प्रघात होता' इतकें. ती चार महिने रुमालांतून त्याचा पाठपुरावा करीत होती. त्यास बळकटी देणारा एकही कागद मिळाला नाहीं. खोडून काढील असाही मिळाला नाहीं. तिचे मार्गदर्शक म्हणाले कीं चौघांचा हवाला देऊन मोकळें व्हावें, परीक्षक हरकत घेणार नाहींत. तें खरेंही होतें. ती दोन रात्री निजली नाहीं. शेवटीं चाळीस पृष्ठांचा अध्याय अकरा पृष्ठांवर आणला आणि ह्या विधानास आधार सांपडत नाहीं असें स्पष्ट लिहिलें. ह्यांत तिचें जवळजवळ एक वर्ष गेलें. घरांत तें वर्ष वायां गेलें असेंच सर्वांचें मत झालें. आम्हीं मात्र सर्वांसमक्ष सांगितलें कीं, संबंध प्रबंधांत आम्हांस अभिमान वाटेल तर तो त्या अकरा पृष्ठांचा.

वर्षाची गोष्ट निघाली म्हणून घरच्या मंडळींनीं एक नियम जाणून घ्यावा. आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें प्रबंधास कमींत कमी तीन व जास्तींत जास्त सहा वर्षें. पुनर्नोंदणी करून आणखी दोन. आणि स्त्रियांस त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत देतां येते. शिवाय बाळंतपण व संगोपन ह्यांसाठीं २४० दिवसांपर्यंत रजा आहे. ही सवलत देणाऱ्यांस आपल्या घरांतील व्यवस्था ठाऊक असावी असें दिसतें. तिचा अर्थ मात्र 'दहा वर्षें आहेत, घाई काय' असा घरानें करूं नये. दफ्तरखान्यांत जो दिवस मिळतो तो सलगच मिळावा लागतो. अर्धा रुमाल वाचून उठलें तर दुसऱ्या दिवशीं पहिल्यापासून आरंभ. आमच्या घरीं वहिनींनीं स्वतः होऊन आठवड्याचे तीन दिवस ठरवून दिले आहेत. त्या दिवशीं सुनेस हांक मारावयाची नाहीं, गॅसवाल्यास पैसे आम्ही द्यावयाचे.

आणखी एक गोष्ट घराच्याच हातीं आहे. जेधे शकावली कोणत्या सरकारी दफ्तरांत सांपडली नाहीं. ती एका देशमुखांच्या घरांत होती. इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव हिंडले ते अशाच घरांतून, आणि त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या बावीस खंडांतील पुष्कळ सामग्री लोकांच्या माळ्यांवरून खालीं उतरलेली आहे. आज वाडे पाडून त्या जागीं उंच इमारती उठत आहेत आणि माळ्यावरच्या पेट्या रद्दीवाल्याकडे जात आहेत. आमच्या एका आप्तांकडील दोन पेट्या अशाच किलोच्या भावानें गेल्या. कळेपर्यंत उशीर झाला होता. ज्यांच्याकडे अद्याप असतील त्यांनीं इतकेंच करावें: कागद उन्हांत वाळवूं नयेत, चिकटपट्टी लावूं नये, आणि मुख्य म्हणजे नीटनेटके करण्याच्या हौसेनें ते सुटे करून तारीखवार लावूं नयेत. कोणता कागद कोणत्या गठ्ठ्यांत, कोणाच्या शेजारीं होता, हीही एक साक्षच असते. गठ्ठ्यांस बाहेरून क्रमांक घालावे, पेटी कोणाकडून आली तें लिहून ठेवावें, आणि पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचें राजवाडे संशोधन मंडळ अशा संस्थांस कळवावें.

आमच्या स्वतःच्या घरच्या पेटींत नऊ गठ्ठे निघाले. त्यांतील तिसऱ्याचें वाचन हल्लीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर चालतें. सून वाचते, आम्ही सन लावतों, आणि वहिनी भिंग हातीं घेऊन शेजारीं बसतात. 'कोम' हा शब्द आला कीं त्या सुनेस थांबवितात व तें नांव एका वहींत लिहून घेतात. आतांपर्यंत सतरा नांवें झालीं आहेत. आमच्या छापील वंशावळींत त्यांतील एकही नाहीं.